आमच्या घरचा ईस्टर आणि आजींची कढई

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त १ मे २०२५ रोजी झेंडावंदनानंतर आवारात झालेल्या स्नेहमेळाव्यात, ‘आमच्या घरचा सण’ या कार्यक्रमात केलेले भाषण. वक्त्या आपल्या ए विंगमधील सभासद असून निवृत्त शिक्षिका आहेत.)



काल अक्षय्य तृतीया झाली. चैत्रगौरीच्या शेवटच्या हळदीकुंकवाला बी विंगमध्ये जाऊन आले. आंब्याची डाळ आणि पन्हं यांची चव अजून जिभेवर आहे, तेवढ्यात सेक्रेटरींनी माईक हातात दिला. ‘दहा मिनिटं बोला’ असं म्हणाले आहेत. मी सगळा जन्म शाळेत शिकवण्यात घालवला, त्यामुळे घंटा झाल्याशिवाय थांबायची मला सवय नाही. कंटाळा आला तर घंटा वाजवा.

मला विषय दिलाय आमच्या घरचा ईस्टर. गणपती, दिवाळी, ईद यांच्याबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. नाताळही ठाऊक असतो, कारण केक असतो, तारा असतो. ईस्टर म्हटलं की मात्र पहिला प्रश्न येतो, ‘यंदा कधी आहे हो तुमचा तो सण?’ दरवर्षी तारीख बदलते ना! तर तिथूनच सुरुवात करते.

आमचा ईस्टर चंद्रावर चालतो. २१ मार्चला दिवस आणि रात्र जवळपास सारखी होते. त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. इसवी सन ३२५ मध्ये निकेया इथे धर्मसभा भरली होती, तेव्हापासूनची ही परंपरा. चर्चचं पौर्णिमेचं स्वतःचं गणित आहे, ते पंचांगाशी कधी दिवसभराने, तर क्वचित महिनाभरानेही चुकतं. पण ढोबळ हिशेब असा, की ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधेच कुठेतरी येणार. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर कधी होळीची पुनव, कधी हनुमान जयंतीची पुनव, आणि त्यानंतरचा रविवार. यंदा हनुमान जयंती १२ एप्रिलला झाली आणि ईस्टर २० एप्रिलला. २०१९ साली तर हनुमान जयंती आणि आमचा शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, एकाच दिवशी होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कालनिर्णय समोर ठेवून, इथे राहायला आल्यावर माझ्या ध्यानात आलं.

माझं माहेर वसईचं. पश्चिमेकडची वाडी, केळीच्या बागा, विहिरीवरचा रहाट, पानवेली, मोगरा. मार्च महिना लागला की राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हात पडायची. पहाटे मोगरा खुडायला सगळ्या बाया बाहेर. कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या की आम्हा पोरांची नजर तिकडेच. आणि नेमका हाच आमचा उपवासकाळ! राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख लावतात. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. तिथपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. तारखा मोजल्या तर शेचाळीस भरतात, पण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. चर्चचा नियम तसा सोपा आहे. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोन दिवशी उपास, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. माझ्या आजीला मात्र चर्चचा नियम पुरत नसे. ती चाळीसही दिवस मांसाला शिवायची नाही, चहात साखर घ्यायची नाही, आणि ईस्टरला पहिला गोड चहा प्यायली की डोळे मिटून बसायची.

मला इथे आल्यावर पुष्कळांनी विचारलं, ‘बाई, तुम्ही इतकं शुद्ध मराठी कुठे शिकलात?’ अहो, मी मराठीच आहे! फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही ओवीबद्ध मराठीत. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. माझ्या आजीच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, पण घरातली प्रार्थना, गाणी, भांडणं, सगळं आमच्या बोलीतच. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या दुःखसहनाची कथा मी मराठीत ऐकत मोठी झाले. असो. हे विषयांतर मास्तरणीचं आहे, चालवून घ्या.

पवित्र आठवडा म्हणजे झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस. गुरुवारी संध्याकाळी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण. फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या संध्याकाळी घंटा वाजते ती शेवटची, मग शनिवारी रात्रीपर्यंत चर्चची घंटा मुकी. तिच्या जागी लाकडी खटखटा वाजवतात. लहानपणी त्या आवाजाची मला भीती वाटायची. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला क्रूसाचा विधी. घरात रेडिओ नाही, मोठ्याने बोलणं नाही, केस विंचरणंसुद्धा आईला आवडायचं नाही. जेवायला पेज आणि लोणच्याची फोड. मग शनिवारची रात्र. चर्चमध्ये मिट्ट काळोख. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती लावतात, आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी ज्योत सगळ्या चर्चभर पसरत जाते. मग घंटा वाजतात, आणि चाळीस दिवस न म्हटलेला ‘आलेलुया’ पहिल्यांदा म्हणतात. तो शब्द ऐकला की आई माझा हात दाबायची. म्हणजे सुटलो!

आता स्वयंपाकघरात जाऊ. मला ठाऊक आहे, तुम्ही त्यासाठीच बसला आहात.

ईस्टरच्या जेवणाची तयारी शनिवारीच. फुगे हा आमचा मानाचा पदार्थ. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर, मीठ, आणि आंबवायला ताडी. पीठ हाताने फेटायचं, पळीवाढं नाही आणि घट्टही नाही. फुगून दुप्पट झालं की मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा पिळून गरम तेलात सोडायचा. चांगला फुगा तेलात आपला आपण कूस बदलतो. त्याच्याबरोबर इंदाल, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेलं मटण. तेही शनिवारीच करून ठेवायचं, मुरलं की चव येते. पण शनिवारी अजून उपवासकाळ संपलेला नसतो, त्यामुळे मीठ चाखायचं नाही! आई झाकण काढून नुसता वास घ्यायची आणि सांगायची, ‘चिमूटभर घाल.’ इथे आल्यावर समोरच्या आजींना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग त्यात काय! आम्ही नैवेद्याचा स्वयंपाक चाखतो का?’

या समोरच्या आजींबद्दलच मला आज खरं तर बोलायचं आहे. जुन्या सभासदांना त्या आठवत असतील. नव्यांसाठी सांगते, माझ्या दारासमोर जे वहिनींचं घर आहे, त्या त्यांच्या सासूबाई.

आम्ही २००० सालच्या दिवाळीत इथे राहायला आलो. तेव्हा रस्ता कच्चा, पाण्याचा टँकर, लिफ्ट आठवड्यातून चार दिवस. सगळ्या सोसायटीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. सी विंगमधलं केरळचं कुटुंब नंतर आलं. पहिली दिवाळी झाली, फराळाची ताटं आली. नाताळला मी केक पाठवताना ‘यात अंडं आहे’ असं सांगून पाठवला, ज्यांना चालतो त्यांनी घेतला. सगळं छान चाललं होतं. मग आला पहिला ईस्टर, १५ एप्रिल २००१.

ईस्टरला आमच्याकडे मार्झिपॅनची अंडी करतात. पूर्वी उपवासकाळात अंडी खायची नसत, कोंबड्या तर घालायच्या थांबत नाहीत, मग साठलेली अंडी ईस्टरला उकडून, रंगवून वाटायची अशी युरोपातली रीत. कवच फोडून पिल्लू बाहेर येतं, तसा येशू कबरीतून उठला, असा त्यामागचा अर्थ. आपल्याकडे मुंबईच्या बेकऱ्यांमधून त्या अंड्याचं मिठाईत रूपांतर झालं. काजूची किंवा बदामाची पूड, साखर, गुलाबपाणी. साच्यात दाबून दोन अर्ध्या काढायच्या, जोडायच्या, वर आयसिंगची फुलं. मी त्या वर्षी साचे आणले नव्हते, म्हणून उरलेल्या गोळ्याच्या वड्याच कापल्या आणि ताटलीत घालून समोर दिल्या. आजींनी दार उघडलं. ‘काय गं हे?’ ‘आमच्या सणाची मिठाई, आजी. काजूची आहे.’ एवढंच म्हटलं मी. केकात अंडं असतं हे मला सांगायचं सुचलं होतं. मिठाईत असतं हे सुचलं नाही, कारण माझ्या लेखी ती मिठाईच होती.

दोन दिवसांनी आजी स्वतः आल्या. ‘तुझी काजूकतली फार मऊ झाली होती गं. पाक किती तारी घेतलास?’

मी हसत हसत म्हणाले, ‘पाक नसतो हो आजी. अंड्याचं पांढरं घालून मळायचं, म्हणून मऊ होते.’

आजींचा हात दाराच्या कडीवर होता, तो तसाच राहिला. त्या काही बोलल्या नाहीत. ‘बरं, येते,’ एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी वहिनींनी ताटली परत आणून दिली. स्वच्छ घासलेली. आणि रिकामी.

इथे बसलेल्या प्रत्येक बाईला रिकाम्या ताटलीचा अर्थ कळतो. शेजारची ताटली कुणी रिकामी परत करत नाही. काही नाही तर चमचाभर साखर घालतो आपण. वसईत आमच्याकडेही तसंच. ती ताटली हातात घेऊन मी ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले. आणि खरं सांगते, मला आधी राग आला. वाटलं, आम्ही ख्रिस्ती म्हणून हे. यांच्या गोड बोलण्याखाली हेच होतं. रात्री यजमानांना मी तावातावाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘त्यांनी सत्तर वर्षं जे तोंडात घातलं नाही, ते तू न सांगता घातलंस. चूक कुणाची?’

मला उत्तर नव्हतं. नंतर कळलं, की आजी दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यावर राहिल्या होत्या. कुणाला एका शब्दाने बोलल्या नाहीत, सोसायटीत चर्चा केली नाही. मी माफी मागायला दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. चूक समजणं आणि ती तोंडाने म्हणणं यात फार अंतर असतं, मंडळी. जवळजवळ वर्ष गेलं. ‘कशा आहात’ ‘बरी आहे’ एवढंच. दिवाळीला ताट आलं नाही. नाताळला मी केक पाठवला नाही.

मग २००२ साल. त्या वर्षी होळी आणि आमचा पवित्र गुरुवार एका दिवशी आले, आणि धुळवड नेमकी शुभ शुक्रवारी. २९ मार्च. सकाळपासून खाली आवारात पिंप भरलेलं, पोरांचा गलका, मोठा स्पीकर लावलेला. माझा मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. दोघं खिडकीच्या गजांना धरून उभी. ‘आई, थोडा वेळ जाऊ?’ मी नाही म्हटलं. माझ्या आईने त्या दिवशी रेडिओ लावू दिला नव्हता, मी रंग कसा खेळू देणार? मुलगी रडली. मलाही रडायला येत होतं, पण तेव्हा मला वाटत होतं, की इथे एकटीने हा दिवस पाळायचा तर घट्टच पाळायला हवा. एकदा सैल सोडलं की गेलं सगळं.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात आजी. ‘पोरं खिडकीत का उभी आहेत मघापासून? आजारी आहेत का?’

मी म्हटलं, ‘नाही आजी. आज आमच्याकडे येशूच्या मरणाचा दिवस असतो. आज आम्ही रंग खेळत नाही, गाणी लावत नाही. तीन वाजता चर्चमध्ये जायचंय.’

‘मग काय खाल्लंत?’

‘पेज.’

त्या आत आल्या. वर्षभराने पहिल्यांदा. ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण उघडून बघितलं. पेजच होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिथेच म्हणून टाकलं, ‘आजी, मागल्या वर्षी मी तुम्हाला न सांगता अंडं खायला घातलं. माझ्याकडून चूक झाली. मी वर्षभर सांगायला भीत होते.’

आजी म्हणाल्या, ‘तू मुद्दाम नाही केलंस, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तू येऊन सांगशील म्हणून मी थांबले होते. तू आली नाहीस, त्याचं वाईट वाटलं.’ आणि मग वाटी पुढे केली. ‘वाढ थोडी. आणि लोणचं आहे का?’

आम्ही दोघींनी ओट्याशी उभ्या उभ्या पेज खाल्ली. त्या खाली गेल्या. पाच मिनिटांनी स्पीकर बंद झाला. मला वाटलं वीज गेली. वीज नव्हती गेली. आजींनी खाली जाऊन सांगितलं होतं, ‘वरच्या बाईंच्या घरी आज दुःखाचा दिवस आहे. रंग खेळा, पण ते वाजवणं पुरे.’ तेव्हा खाली स्पीकरजवळ असलेली काही मुलं आज इथे कार्यकारिणीत बसली आहेत. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते. आणि माझ्या मुलांसाठी सोसायटीतल्या पोरांनी रंग राखून ठेवला होता. पुढे रंगपंचमीला त्यांनी माझ्या दोघांना असं काही रंगवलं, की सोमवारच्या शाळेतही कान हिरवे होते.

त्याच शनिवारी आजींनी मला हाक मारली. ‘तुझे काजू घेऊन ये. पाक मी शिकवते.’ त्यांच्याकडे जाड बुडाची, कल्हई केलेली पितळी कढई होती. तिच्यात त्यांनी काजूकतलीचा पाक केला, मी गुलाबपाणी घातलं, आणि गोळा निवल्यावर साच्यात दाबला. अंड्याच्या आकाराची, अंडं नसलेली मिठाई. आजी ते गुलाबी अंडं हातात घेऊन म्हणाल्या, ‘म्हणजे ही काजूकतलीच, फक्त ख्रिस्ती झाली!’ आणि स्वतःच इतक्या हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला. त्या वर्षापासून माझ्या घरच्या ईस्टरच्या अंड्यात अंडं नाही. आणि ताटली साखर घेऊनच परत येते.

हळूहळू बाकीची दारं उघडली. चैत्रगौरीला मला बोलावू लागल्या. कुंकू लावायचं की नाही हा प्रश्न आला, तर आजींनी हातात मोगऱ्याचा गजरा दिला आणि विषय संपवला. बहुतेक वर्षी हळदीकुंकू आमच्या उपवासकाळात किंवा त्याला लागूनच येतं. डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं उपवासाला चालणारं! मग सी विंगमध्ये केरळचं कुटुंब आलं. त्यांनी पवित्र गुरुवारी रात्री पेसहा अप्पम आणून दिलं. तांदूळ आणि उडीद डाळीचं, न आंबवता वाफवलेलं, वर झावळीच्या पात्याचा क्रूस. घरातला कर्ता पुरुष ते मोडून सगळ्यांना देतो, बरोबर नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेलं पेसहा पाल. धर्म माझाच, पण तो पदार्थ मी पहिल्यांदा या सोसायटीत खाल्ला. आपल्याच घरातलं आपल्याला किती ठाऊक नसतं!

आजी २०१४ साली गेल्या. तेराव्यानंतर वहिनींनी ती पितळी कढई माझ्या घरी आणून ठेवली. ‘आईंनी सांगितलं होतं, ही बाईंना द्या.’ मी ती वेगळ्या फडताळात ठेवते. तिला अंडं, मांस काही लागत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये माझे यजमान गेले. आमच्याकडे वर्षभर सणाचं गोडधोड घरात करत नाहीत, तुमच्याकडेही तसंच. ईस्टरची सकाळ होती. मुलं आली होती, पण घर गप्प होतं. चर्चमधून येऊन आम्ही नुसते बसलो होतो. बेल वाजली. वहिनी, हातात डबा, चेहरा घाबरलेला. म्हणाल्या, ‘तुम्ही करायचे नाहीत, म्हणून मी केले. अंडं नाही घातलं, तेवढं सांभाळून घ्या.’ डब्यात फुगे! माझ्या दारात उभं राहून त्यांनी इतकी वर्षं बघितलं होतं, त्यावरून अंदाजाने केलेले. यीस्ट गरमागरम दुधात घातलं होतं, त्यामुळे ते बिचारं तिथेच मेलं होतं. फुगे फुगलेच नव्हते. गोट्या झाल्या होत्या. माझ्या मुलाने एक उचलून टेबलावर टाकला, तो टक्कन वाजला. क्षणभर कुणीच बोललं नाही. मग मुलगी हसली, मी हसले, वहिनी हसता हसता रडायला लागल्या. जानेवारीनंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं. ते सगळे फुगे आम्ही चहात बुडवून संपवले. एकही टाकला नाही. तसे फुगे मी जन्मात खाल्ले नाहीत, आणि तसे परत मिळणारही नाहीत.

२०२० सालच्या ईस्टरला, १२ एप्रिलला, टाळेबंदी होती. चर्च बंद, मिस्सा मोबाइलवर. काजू मिळेनात, तर आजींच्या कढईत शेंगदाण्याचा कूट घालून अंडी केली. तीही ताटलीतून फिरली, दाराच्या कडीला पिशवी अडकवून.

आता घंटा व्हायच्या आत आवरते. पंचवीस वर्षांच्या हिशेबात मी एवढंच शिकले. ताट देताना त्यात काय आहे ते सांगून द्यावं. घेताना विचारून घ्यावं, विचारण्यात अपमान नाही. आणि कधी चुकलंच, तर वर्षभर दाराशी घुटमळू नये, त्याच दिवशी बेल वाजवावी. मला वाटायचं, मी माझा सण एकटीने घट्ट धरून ठेवला म्हणून तो टिकला. तसं नाही. त्या दिवशी आजींनी खाली जाऊन स्पीकर बंद करवला, म्हणून माझ्या मुलांना शुभ शुक्रवार आठवतो. आज मुलगा परदेशात आहे. तो दर ईस्टरला फोन करून विचारतो, ‘आई, आजींचा पाक किती तारी?’

खूप जणींनी कृती विचारली म्हणून सांगते, स्मरणिकेतही छापा. काजू दोन वाट्या पूड. काजू थंडगार नकोत, आणि मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, नाहीतर तेल सुटतं. पूड चाळून घ्या. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक. मंद आचेवर पूड घालून गोळा कडा सोडेपर्यंत ढवळा. उतरवून चमचाभर गुलाबपाणी, हवा तर रंग. कोमट असतानाच तुपाच्या हाताने मळा आणि पिठीसाखर भुरभुरलेल्या साच्यात दाबा. दोन अर्ध्या जोडताना बोटाने पाण्याचा हात फिरवा. साचा नसेल तर चमच्यात दाबा, माझी आई तसंच करायची.

कढई हवी असेल तर माझ्याकडे आहे, कुणीही न्या. अट एकच, ती तुम्हाला ठाऊक आहे. आणि परत देताना रिकामी देऊ नका.